भाकरी फुगली, हे गिरणीवाल्याला कोण सांगतं?

वडगावचा काका (धागाकर्ता)

मंडळी, हा विषय बालसंगोपनात टाकावा की गप्पांत, कळेना. गप्पांत टाकतोय, ॲडमिननी हलवला तरी तक्रार नाही.

आमच्या घरी, बेळगावात, भावाची मुलगी आहे, साडेचार वर्षांची. सगळे चिमी म्हणतात. एकत्र घर, आणि दळणाचा डबा वाहण्याचं खातं माझ्याकडं. जोंधळा आम्ही आठवड्यापुरताच दळून आणतो. आईचं म्हणणं, शिळ्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडंला चिरते. चिमी माझं शेपूट, गिरणीत येतेच. दळण घेतलं की ‘मामांना थँक्यू म्हण’ असं तिला सांगायचं, ही वैनींनी लावलेली शिस्त. पोर मान खाली घालून काहीतरी पुटपुटते, पट्ट्याच्या आवाजात ते मामांपर्यंत पोचतही नाही. झालं, व्यवहार संपला.

मध्यंतरी दळण आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ही हट्ट धरून बसली, गिरणीत जायचंय. अगं, दळण कालच आणलंय. ऐकेना. शेवटी नेली. गिरणीत बायका डबे लावून उभ्या. ही त्यांच्यातून वाट काढत थेट मामांच्या पुढ्यात. ‘मामा, तुमच्या पिठाची भाकरी फुगली. आज्जीची पहिलीच फुगली. वरचा पापुद्रा मी खाल्ला, तूप लावून.’ एवढं बोलली आणि वळली. काम झालं, आता घरी चला.

मामांनी गिरणी थांबवली वगैरे नाही, गोष्टीतच थांबते ती. पण पीठ झाडायचा ब्रश हातात तसाच धरून म्हणाले, ‘परवाच दगडाला टाकी लावलीया. बरं पडालंय का वाईट, कोण तोंड उघडंना.’ मग मलाच समजावत बसले. दगड गुळगुळीत झाला की दाणा कापला जात नाही, नुसता भरडतो आणि पीठ तापतं. म्हणून छिन्नीनं दगड पुन्हा खडबडीत करायचा, तीच टाकी. ती लावल्यावर पहिलं थोडं धान्य वाया घालवावं लागतं, नाहीतर पिठात कच येते. त्या माणसाच्या हातचं पीठ मी शाळेत असल्यापासून खातोय, पण त्याच्याकडून एवढं ऐकायची वेळ कधी आली नव्हती. भाकरीची खबर त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा तो बोलला.

त्यानंतर मी चिमीवर नजर ठेवून आहे. वस्तू हातात पडते तेव्हा ही गप्प असते, ‘थँक्यू म्हण’चा बोजा असेल किंवा वस्तूतच डोळे गुंतलेले असतील. वस्तू वापरून झाली की मात्र तिला देणारा आठवतो आणि त्याला जाऊन ती सांगते, तुझ्या वस्तूचं पुढं काय झालं ते. आमच्या गल्लीत नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. चावी फिरवायला जो माणूस येतो, त्याच्याशी लोकांचा संबंध शिव्या घालण्यापुरता. हिनं त्याला फाटकातून ओरडून सांगितलं, ‘तुमच्या पाण्यानं डोकं धुतलं!’ तो सायकलवरनं पडायचा बाकी होता.

आणखी एक. गणपत गल्लीत जिच्याकडं बांगड्या भरल्या, त्या बाईला पुढच्या खेपेला ही काय सांगते, तर ‘दोन फुटल्या. हिरव्या राहिल्यात.’ म्हणजे वाईट बातमीही तितक्याच प्रामाणिकपणे. मला हे फार पटलं. गोड बोलून दाखवायचं असतं तर फुटलेल्या बांगड्यांची गोष्ट कशाला काढली असती?

मी पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसतो. कर्ज मंजूर झालं की माणसं हात जोडतात, पेढे आणतात, ‘साहेब, उपकार झाले’ म्हणतात. पण त्या पैशातनं आणलेली म्हैस दूध किती देते, हे सांगायला आजवर कुणी जिना चढून आलेलं नाही. हप्ता चुकला तरच पुढची बातमी कळते. पेढ्यापेक्षा मला ती म्हैस जास्त आवडली असती.

तुमच्या पाहण्यात असं मूल आहे का? आणि मोठ्या माणसानं हे करायचं म्हटलं तर जमतं का, की येडंच दिसतं?

---

तिसरं गेट

येडंच दिसतं. 😄

बाकी लेख छान. पण काका, साडेचार वर्षांचं पोर आहे ते. या वयात पोरं सगळ्यांना सगळं सांगत सुटतात. आमचा नातू दूधवाल्याला शी झाल्याचंसुद्धा सांगतो. त्यात तुम्ही कृतज्ञता बघालायसा, हे जरा आज्जी-आजोबा छाप कौतुक वाटतं. राग मानू नका.

---

वडगावचा काका

राग कसला? ही शंका मलाही आली होती. पण बडबड असती तर भाकरीची गोष्ट तिनं शेजारच्या अक्कांना सांगितली असती, त्या दारातच भेटल्या होत्या. त्यांना काही बोलली नाही. गिरणीत जायचंय म्हणून अडून बसली. कुणाला सांगायचं, हे तिनं निवडलं. मला फरक दिसतो तो एवढाच.

---

बालवाडीच्या बाई, शहापूर

मी याच वयाच्या मुलांत दिवस काढते, म्हणून थोडं लिहिते.

‘थँक्यू म्हण’ हे शिकवणं काही वाईट नाही आणि ते मी सोडणार नाही. मूल आधी हात जोडायला शिकतं, देव कोण हे त्याला मागाहून कळतं. पण त्या शब्दावरनं मुलाच्या मनाची परीक्षा घेऊ नये. अमेरिकेत १९८० च्या सुमारास बर्को ग्लीसन आणि ग्रीफ या दोघींनी २ ते ५ वर्षांच्या २२ मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. मुलांना भेट द्यायची आणि मूल आपणहून काय म्हणतं ते बघायचं. आपणहून आभार मानण्याचं प्रमाण निघालं ७ टक्के. भेटल्यावरचं ‘हाय’ आणि निघतानाचं ‘बाय’ त्याहून पुष्कळ जास्त वेळा निघालं. आणि आई-बापांनी सगळ्यात जास्त टोचणी लावली ती आभाराचीच. म्हणजे तिकडंही आपल्या वैनींसारखंच चालतं.

त्याच्याही आधी, १९३८ साली, स्वित्झर्लंडमध्ये बाउमगार्टन-ट्रामर नावाच्या बाईंनी ७ ते १५ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, तुझी सगळ्यात मोठी इच्छा कुठली, आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील? काहींनी नुसतं आभार मानीन म्हटलं. धाकट्यांतल्या बऱ्याच जणांनी आपल्याजवळची लाडकी वस्तू देऊ केली. अशी उत्तरं वय वाढेल तशी कमी झाली. काहींना त्या माणसाशी नातंच जोडायचं होतं. काका, तुमची चिमी यातल्या कुठल्या खणात घालावी, मला सांगता येत नाही. वस्तू परत देत नाही, नुसता शब्दही नाही. नात्याच्या जवळपास कुठंतरी बसेल.

---

तिसरं गेट

बाई, अभ्यास वाचून बरं वाटलं. पण ‘आपणहून ७ टक्के’ म्हणजे पोरं मुळात कृतघ्न असतात, असंही म्हणता येईल की! 🙂

---

बालवाडीच्या बाई, शहापूर

मग मोठी माणसंही तशीच म्हणावी लागतील. २०१८ साली आठ भाषांतल्या लोकांचं रोजचं बोलणं चित्रित करून तपासलं होतं, घरात, शेजारात, काम करताना. कुणी काही मागितलं, दुसऱ्यानं दिलं, तर शब्दानं आभार वीसातनं जेमतेम एकदा. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे जरा पुढं, आणि इक्वाडोरमधल्या एका भाषेत तर एकदाही नाही. आपली मराठी किंवा कन्नड त्यात नव्हती, पण तुम्ही आज सकाळी चहाचा कप हातात देणाऱ्या सूनबाईला काय म्हणालात ते आठवा.

---

तिसरं गेट

साखर कमी आहे म्हणालो. 😐

---

निपाणीकर पुण्यात

हसून हसून पुरेवाट, तिसरं गेट काका.

काकांचा लेख वाचून माझी गोष्ट लिहितो. आई निपाणीहून शेंगाची चटणी पाठवते, रात्रीच्या बसमधनं, ड्रायव्हरच्या हाती. मी सकाळी स्टॉपवर जाऊन घेतो आणि मेसेज टाकतो, ‘मिळाली.’ त्यापुढं अंगठा. फोनवर आईचा प्रश्न ठरलेला, ‘चटणी संपली काय?’ मला वाटायचं, पुढची कधी पाठवायची त्याचा हिशोब करालीया. मी म्हणायचो, ‘आहे अजून.’ तिथंच विषय बंद.

धागा वाचल्यावर परवा फोन केला आणि सगळं सांगितलं. ऑफिसात डबा उघडल्यावर बिहारचा पोरगा आणि केरळची एक मुलगी दोघं दह्यात कालवून खातात, केरळवालीनं घरी नेली थोडी, तिखट लागली म्हणून वर केळं खाल्लं. आई गप्प. मग म्हणाली, ‘केळं? परत सांग.’ परत सांगितलं. मग बाबांना हाक मारून फोन स्पीकरवर टाकला आणि तिसऱ्यांदा सांगायला लावलं. लसूण जास्त झाला होता काय, कूट बारीक होतं काय, डब्याला तेल सुटलं काय, अर्धा तास.

दुष्परिणाम: काल स्टॉपवर डबा नाही, पिंप उतरलं. ऑफिसला कुणी गिऱ्हाईक असेल तर कळवा.

---

अंकुश रेघ

पिंपातलं किलोभर इकडं पाठवा. कॅम्पात राहतो, पत्ता खासगी निरोपात कळवतो.

---

रान अथणीचं

आमच्या पूर्व भागातली बात सांगतो. माझी मराठी थोडी कानडी मिसळल्याली हाय, समजून घ्या.

एळ्ळ अमावास्येला आम्ही सगळं घरदार रानात जातो. रब्बीचा जोंधळा उभा असतो. पाच खडे मांडायचे, पांडव म्हणून पुजायचे. सज्जी भाकरी, म्हणजे तुमची बाजरीची, वांग्याची भरली भाजी, गुरेळाची चटणी, होळगी म्हणजे पुरणपोळी. पण जेवायच्या आधी रानात चौफेर अन्न शिंपडायचं, त्याला चरगा म्हणतात. ज्यानं पिकवलं त्याला आधी. हे सगळेच करतात.

आमचा आज्जा चरगा टाकताना बांधाबांधानं बोलत जायचा. देवाशी न्हवं, रानाशी. ‘औंदा तुझ्या जोंधळ्यात थोरलीचं लगीन निघालं बघ. कडबा बैलाला पाडव्यापतोर पुरला. वरल्या पट्टीत तांबेरा पडला, ते तुझं न्हवं, आमचं बी चुकलं.’ आम्ही पोरं मागनं हसायचो. म्हातारा येडा झालाय म्हणायचो. तिसरं गेट काकांनी लिवलंय तसंच.

चिमी काय करालीया ते वाचलं आणि आज्जाच आठवला. ते रानाला पिकाचा हिशोब देत होतं. तांबेरा बी सांगायचं, लगीन बी सांगायचं. बांगड्या फुटल्या, हिरव्या राहिल्या, तसंच की हे. काका, पोरगी नवं काय करत न्हाई. जुनंच हाय, आमच्यात मधीच तुटलं.

---

वडगावचा काका

अथणीकर, तांबेऱ्याची गोष्ट तुम्ही सांगितली म्हणून बरं झालं. रात्री आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘माणूस शेतात राबल्यालं असणार. आभाळाला शिव्या देऊन सोडला न्हाई.’

---

मुग्धा खानापूर

सगळं वाचलं, छान आहे, पण एक आई म्हणून काळजी वाटते. मुलीला असं कुणालाही जाऊन बोलायची सवय लावायची का? चावीवाला, बांगडीवाली ठीक. उद्या अनोळखी माणसानं चॉकलेट दिलं, तर ही त्यालाही शोधत जाईल.

---

वडगावचा काका

मुग्धाताई, रास्त शंका आहे. सवय आम्ही लावली नाही, पण कुंपण घातलंय. अनोळखी माणसाकडनं काही घ्यायचंच नाही, हा नियम आधीचाच. आणि बातमी द्यायला जायचं तर घरातलं कुणीतरी बरोबर. त्यामुळं झालंय असं, की माझ्या फेऱ्या दुप्पट झाल्यात. दळणाला एक आणि दळणाच्या बातमीला एक.

---

मुग्धा खानापूर

मग हरकत नाही. तुमची चप्पल झिजू दे. 😄

---

तिसरं गेट

मंडळी, मी प्रयोग केला. हसायचं नाही.

गेल्या दिवाळीला एक लेंगा-सदरा शिवून घेतला होता. शिंपी जुना आहे, आम्ही दोघं एकाच वयाचे. काल मुद्दाम गेलो. सांगितलं, सदरा फार छान बसला, मुलीकडं गेलो होतो तिथं जावयानं विचारलं कुठं शिवला. त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, ‘काय उसवलं?’ मी म्हटलं, काही नाही उसवलं. ‘मग उधारीवर आणखी शिवायचाय?’ नाही म्हटलं. विश्वासच बसेना. शेवटी मी खरं ते सांगितलं, डाव्या काखेत किंचित धरतोय. तेव्हा कुठं त्याचा चेहरा मोकळा झाला. ‘तेच म्हणतो! आणा उद्या, सैल करून देतो.’ मग चहा मागवला.

तात्पर्य काढत नाही. पण काकांनी विचारलं होतं ना, मोठ्या माणसाला जमतं का. नुसतं गोड सांगितलं तर संशय येतो. बांगड्या फुटल्याचंही सांगावं लागतं.

---

बालवाडीच्या बाई, शहापूर

आणि सूनबाईंना काय सांगितलंत?

---

तिसरं गेट

एका आठवड्यात एकच प्रयोग झेपतो, बाई.

---

खासबाग मागवाला

मी वाचनमात्र असतो, पहिल्यांदाच लिहितोय. दिवसभर मागाच्या खडखडाटात असतो, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे यंत्रमाग आहेत, साडीचे. बायको कांड्या भरते, मी आणि भाऊ माग बघतो. ताण्याचा एक धागा तुटला तरी माग थांबवायचा, तो धागा हुडकायचा, गाठ मारायची, परत सुरू. एका साडीत किती वेळा होतं ते मोजत नाही. साडी उतरली की घडी घालून शेठकडं जाते. शेठकडनं दुकानात. मग कुठं जाते, देवाला ठाऊक. इतक्या वर्षांत मागावरनं उतरलेली एकही साडी मी कुणाच्या अंगावर ओळखून बघितलेली नाही. लग्नात बायका दिसतात, मी काठ बघत बसतो, बायको कोपरानं ढोसते की बायकांकडं काय बघालायसा.

दुकानदार बातमी देतो, पण ती डाग पडला, काठ आखडला एवढीच, आणि पैसे कापून देतो. गिरणीवाल्या मामांचं जे वाचलं, बरं पडालंय का वाईट, कोण तोंड उघडंना, ते मला रात्रभर पुरलं. एवढंच सांगायचं होतं.

---

मुग्धा खानापूर

मागवाले दादा, थांबा. माझ्याकडं एक आहे. शहापूरच्या दुकानातनं घेतली होती, वडगाव-खासबागच्या मागावरची म्हणून दुकानदारानं दिली. अबोली रंग, मरून काठ, पदरावर बारीक रेघा. तुमचीच असेल असं नाही, पण तुमच्या भागातली नक्की.

मुलाच्या बारशाला नेसले होते. पाळण्याला हात लावायला वाकायचं, पाच बायका खेटून उभ्या, तरी पदर कुठं चुरगळला नाही. नंतर सासूबाईंनी मागून घेतली, त्या हरितालिकेला नेसतात. मऊ झालीय आता, अंगाला बसते. आणि ऐका, चिमीसारखं सगळं सांगायचं तर पहिल्या धुण्यात काठाचा रंग सुटला, अबोलीवर खाली गुलाबी छटा आलीय. लांबून कळत नाही.

---

खासबाग मागवाला

ताई, अबोली-मरून आमच्या गल्लीत तिघं-चौघं करायचे, त्यातला मी एक. बायकोला वाचून दाखवलं. ती विचारतीय, निऱ्या नीट बसतात काय आणि सासूबाईंची उंची किती.

रंगाचं माझ्या हातात नाही. सूत रंगवून देणारा रंगारी वेगळा असतो. सोमवारी सूत आणायला जायचंय, त्याला सांगतो मरून सुटतोय म्हणून. बारशाचं पण सांगतो.

---

मुग्धा खानापूर

निऱ्या मस्त बसतात. सासूबाई पाच फूट, खोचताना थोडी वर घ्यावी लागते.